तालुका बोर्डातले पेन्शनर गोपाळबाबा



आपल्या बीड जिल्ह्यात फौजेतून पेन्शनीवर आलेला माणूस नाही असे गाव शोधू म्हटले तर बरेच हिंडावे लागेल. गावात त्याला कोणी नावाने हाक मारीत नाही, सगळे 'मेजर' म्हणतात. मग तो फौजेत शिपाई होता की नाईक होता, हे कोणी विचारीत नाही. मेजर पहाटे उठतो, दाढी रोज करतो, पोस्टातले कागद चार जणांना वाचून दाखवतो. पुढे कधीतरी लोक म्हणतात, "मेजर, तुम्हीच उभे राहा," आणि मेजर पंचायतीचे नाहीतर नगरपालिकेचे सभासद होतात. यात आज कोणाला नवल वाटत नाही.

पण एक काळ असा होता, की एका पेन्शनर सैनिकाला तालुक्याच्या बोर्डावर सभासद नेमले, एवढ्यावरून वर्तमानपत्रांत वाद माजला. त्या माणसाचे नाव गोपाळबाबा वलंगकर. पूर्ण नाव गोपाळनाक विठ्ठलनाक वलंगकर. गाव महाड तालुक्यातले रावढळ, आणि साल १८९५. त्यांची बोर्डातली कारकीर्द मोठी नव्हती. नेमणुकीनंतर पाच वर्षांनी ते वारले. तरीसुद्धा शिक्षकांनी मुलांना आणि सभासदांनी स्वतःला सांगावी अशी ही हकीकत आहे, म्हणून आज ती आपल्यापुढे ठेवतो.

गोपाळबाबांचा जन्म सुमारे १८४० चा, महार कुटुंबातला. त्या काळात गावगाड्यात महाराचे काम काय होते, हे जुन्या माणसांकडून आपण ऐकलेले आहे. वेशीवर येसकर म्हणून राहायचे, सांगावा पोचवायचा, सरकारी माणसाचे ओझे पुढच्या गावापर्यंत न्यायचे, मेलेले ढोर ओढायचे. त्याबद्दल वतनाचा तुकडा, खळ्यावरचे बलुते आणि घरोघरची शिळी भाकर. आता पाहा, ज्याची संध्याकाळची भाकर गावाच्या मर्जीवर, तो गावाच्या बैठकीत तोंड कसे उघडणार? बोलायचे तर आधी पोट मोकळे हवे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची सारी कथा तिच्यावर उभी आहे.

पोटाची ही गाठ फौजेने सोडवली. 'छावणी' म्हटले की आज आपल्याला दुष्काळातली जनावरांची छावणी आठवते. पण आपल्या अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची खरीखुरी छावणी होती. तशाच छावण्या इंग्रजांच्या मुंबई फौजेच्या होत्या, आणि त्या फौजेत महार शिपायांची संख्या फार मोठी होती. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावला जी लढाई झाली, तिच्या स्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. पुढे दोन-तीन पिढ्या कोकणातल्या घराघरांतून मुले फौजेत जात राहिली.

फौजेने त्यांना तीन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे अक्षरओळख. पलटणींच्या शाळा असत. तिथे शिपाई आणि शिपायांची मुले लिहा-वाचायला शिकत. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत वर्षानुवर्षे मुख्याध्यापक होते. दुसरी गोष्ट म्हणजे पेन्शन. महिन्याच्या महिन्याला येणारे थोडे का होईना, पण आपल्या हक्काचे रुपये. ते कोणाच्या ओसरीवर उभे राहून मागावे लागत नव्हते. आणि तिसरी गोष्ट म्हणजे ताठ मान. परेडीच्या रांगेत उभा राहिलेला माणूस पुन्हा वाकायला सहसा तयार होत नाही.

गोपाळबाबा १८८६ साली फौजेतून निवृत्त झाले आणि दापोलीला राहू लागले. तिथे अशा पेन्शनरांची मोठी वस्ती होती. गोपाळबाबांवर महात्मा जोतीराव फुल्यांच्या विचारांचा प्रभाव पडला. जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला तो १८७३ साली. त्यांचे म्हणणे साधे होते. जन्मावरून माणसाची उंची मोजू नका आणि विद्या कोणाला नाकारू नका. गोपाळबाबांना हे मनापासून पटले, आणि बंदूक खाली ठेवलेल्या हाताने त्यांनी लेखणी उचलली.

त्यांचे 'विटाळ विध्वंसन' हे लिखाण १८८८ सालचे. नावातच सारे आले. वरिष्ठ म्हणविणाऱ्या वर्गाला त्यांनी त्यात प्रश्न विचारले. विटाळ कुठून आला, कोणत्या आधाराने आला, कोणाच्या सोयीसाठी आला, असा त्या प्रश्नांचा रोख होता. 'दीनबंधु' आणि 'सुधारक' या पत्रांतूनही ते लिहीत. सामान्य माणसाच्या तोंडी बसावे म्हणून त्यांनी पद्यरचनाही केली. 'अनार्य दोष परिहारक मंडळी' या नावाची संस्था काढून लोकांना एकत्र आणण्याची खटपट केली.

त्याच सुमाराला दापोलीत शाळेचा प्रश्न उभा राहिला. पेन्शनर सैनिकांची मागणी होती, की नगरपालिकेच्या शाळेत आमच्या मुलांना घ्या. शाळा लोकांच्या पैशाची, तर मुले आत बसली पाहिजेत. त्या काळात अशा मुलांना आत न घेता व्हरांड्यात बसवण्याची तोड ठिकठिकाणी काढली जाई. शिक्षक मंडळींनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. आत फळा, बाहेर मूल, आणि मध्ये उंबरठा. या पेन्शनरांचे अर्ज त्या उंबरठ्यावर धडका देत होते.

आणि इतक्यात फौजेचाच दरवाजा बंद झाला. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची फौजभरती थांबवली. काही जाती लढवय्या आणि काही जाती नालायक, असे एक खूळ तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्यांच्या डोक्यात शिरले होते. ज्यांनी दोन-तीन पिढ्या बंदूक धरली त्यांना एका लेखणीच्या फटकाऱ्याने नालायक ठरवले. गोपाळबाबांना याचा अर्थ फार लवकर कळला. भरती थांबली म्हणजे पगार थांबला, पगार थांबला म्हणजे पेन्शन थांबली, पलटणीतली शाळा थांबली. पुढची पिढी पुन्हा बलुत्यावर आणि शिळ्या भाकरीवर जाणार.

म्हणून त्यांनी १८९४ साली सरकारकडे करण्यासाठी अर्ज तयार केला. त्यात त्यांनी आपले लोक मूळचे क्षत्रियच असल्याचे मांडले. दुर्गादेवीच्या दुष्काळात, म्हणजे १३९६ साली सुरू झालेल्या त्या भयंकर दुष्काळात, जे मिळेल ते खाऊन त्यांना जगावे लागले आणि त्यामुळे ते खाली ढकलले गेले, असे त्यांचे म्हणणे. इतिहासाच्या पंडितांनी या म्हणण्याची काय ती छाननी करावी. पण दुष्काळ माणसाची पायरी कशी उतरवतो, हे आपल्या बालाघाटातल्या माणसाला कोणी शिकवायला नको. १९७२ च्या दुष्काळात चांगल्या घरच्या बायाबापड्यांनी खडी फोडलेली आपल्याकडे लोकांनी पाहिली आहे.

या अर्जामागोमाग १८९५ साली गोपाळबाबांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली.

हे लोकल बोर्ड म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. लॉर्ड रिपन व्हाइसरॉय असताना १८८२ साली असे ठरले, की लोकांच्या जवळची कामे लोकांच्याच मंडळांकडे द्यावीत. त्यानुसार मुंबई इलाख्यात १८८४ साली लोकल बोर्डांचा कायदा झाला. जिल्ह्याला एक बोर्ड, तालुक्याला एक बोर्ड. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून गोळा होई, त्यातून रस्ते, शाळा, विहिरी, धर्मशाळा, दवाखाने ही कामे चालत. काही सभासद निवडून येत, काही सरकार नेमी. आज ज्याला आपण पंचायत समिती म्हणतो, तिची ही जुनी थोरली बहीण समजा. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणून आपल्याकडच्या कारभाराची तऱ्हा निराळी होती.

गोपाळबाबा या बोर्डात सरकारने नेमलेले सभासद म्हणून आले. महाडच्या वरच्या जातींतल्या सभासदांना ते रुचले नाही. यावरून वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली.

मंडळी, यात एवढे न रुचण्यासारखे काय होते? गोपाळबाबा लिहिणारे होते, वाचणारे होते, कायदा आणि शिस्त जाणणारे होते. सरकारी नोकरीत आयुष्य घालवून स्वच्छ नावाने परत आलेले होते. बोर्डाच्या कामाला लागणारे सगळे गुण त्यांच्याजवळ होते. अडचण गुणांची नव्हतीच. अडचण बैठकीची होती. बोर्डाची सभा म्हणजे एका खोलीत बसणे आले. कागद एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाणे आले. मत मोजताना त्यांचे एक आणि आपले एक, असे सारखे मोजणे आले. हजार वर्षांची चालरीत त्या एका खुर्चीने मोडत होती. सरकारला खुर्ची देता आली, पण तिच्या शेजारी मनापासून बसणारा माणूस देता आला नाही. तो समाजानेच द्यायचा असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. लोकल फंडातून विहिरी खणल्या जात, तळी दुरुस्त होत. त्या फंडात सगळ्यांच्या घामाचा पैसा. पण त्या विहिरींवर अस्पृश्य मानलेल्या माणसाला घागर बुडवता येत नव्हती. म्हणजे विहिरीच्या खर्चावर मत द्यायचा अधिकार सभासद म्हणून मिळाला, त्याच विहिरीचे पाणी माणूस म्हणून मिळत नव्हते. या अवस्थेत तो पेन्शनर सैनिक बोर्डाचा सभासद होता.

१९०० साली गोपाळबाबा रावढळला वारले.  नेमलेला एकटा सभासद, बाकीची मने आखडलेली, हाती फक्त एक मत. त्या मतावर फार मोठे काम उभे राहणे शक्य नव्हते. म्हणून कोणी म्हणेल, मग या कारकिर्दीचा उपयोग काय झाला?

याचे उत्तर त्याच महाडने दिले, पण त्याला अठ्ठावीस-तीस वर्षे लागली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादुर सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला, की सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ही नगरपालिका म्हणजे शहराची संस्था, गोपाळबाबा होते ते तालुक्याचे बोर्ड, हा फरक ध्यानात ठेवा. पण ठराव झाला तरी तळ्याला कोणाचा हात लागला नाही. ठराव दप्तरात राहिला आणि पाणी तळ्यात राहिले. पुढे २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा तो ठराव खरा झाला. त्यावर दंगा झाला. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग कोर्टकज्जे चालले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने लागला.

गोपाळबाबा हे रमाबाई आंबेडकरांच्या नात्यातले. पण त्या रक्ताच्या नात्यापेक्षा विचारांचे नाते मोठे. सार्वजनिक पैशाची वस्तू सर्वांची, ही गोष्ट दापोलीच्या शाळेपासून चवदार तळ्यापर्यंत एकच आहे. फौजभरतीचेही तसेच. पहिल्या महायुद्धात १९१७ साली महारांची पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये ती मोडली. शेवटी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजही देशाच्या सेवेत आहे. मागणी केली की लगेच पदरात पडते असे नाही. पण ती पहिल्यांदा कोणीतरी नीट कागदावर मांडावी लागते.

दूर देशातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे आपलीच गोष्ट जास्त उलगडेल. अमेरिकेत यादवी युद्ध १८६५ साली संपले. गुलामगिरी उठली. त्या युद्धात लढलेले काळे सैनिक घरी आले आणि त्यांच्यातले कित्येक पुढे आपापल्या राज्याच्या कायदेमंडळांत निवडून गेले. पण १८७७ नंतर दक्षिणेतल्या राज्यांत ती दारे पुन्हा एकेक करून लावली गेली. दार उघडल्यानंतर ते उघडे ठेवण्यासाठी आणखी जवळजवळ नव्वद वर्षे झगडावे लागले. जोतीरावांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ साली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, ते त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी जे केले त्याबद्दल. तेव्हा ही लढाई एका गावची नाही, एका देशाचीही नाही.

आता आपल्या घरी येऊ. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. १९९३ साली घटनेची ७३ वी आणि ७४ वी दुरुस्ती लागू झाली. तेव्हापासून ग्रामपंचायतीपासून नगरपालिकेपर्यंत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आहेत. स्त्रियांना तेव्हा एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. गोपाळबाबांना नेमणुकीने मिळाले ते आज मताने मिळते. हा फरक लहान नाही. नेमलेल्या माणसाच्या मागे साहेबाची सही असते, तर निवडलेल्या माणसाच्या मागे गाव असतो.

पण कायदा खुर्चीपर्यंत आणून सोडतो. तिथून पुढचे काम आपले. म्हणून माझे आपल्याला तीन बोल सांगायचे आहेत.

पहिला सभासदांना. आपल्या बैठकीत कोण कुठे बसतो, ते एकदा नीट पाहा. राखीव जागेवरून आलेला सभासद खुर्चीवर बसतो की दाराशी? निवडून आलेली बाई स्वतः बोलते, की तिच्या वतीने दुसराच कोणी बोलतो? सही करण्याआधी ठराव तिला वाचून दाखवतात का? चहाचे कप सगळ्यांना सारखेच आहेत का? या बारीक गोष्टी वाटतात. पण १८९५ सालीही वाद बारीक गोष्टींचाच होता.

दुसरा बोल आमच्या मेजर मंडळींना. तुम्हाला पेन्शन आहे, लिहिता-वाचता येते, कोणाच्या दबावाखाली यायचे कारण नाही. गोपाळबाबांजवळ होते ते सारे तुमच्याजवळ आहे, शिवाय मताचा अधिकार आहे. हा मोकळेपणा फक्त आपल्या घरासाठी खर्चू नका. ज्याची भाकर दुसऱ्याच्या हातात आहे, त्याला बैठकीत खरे बोलता येत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाने मुकादमाची उचल घेतलेली असते. तो मुकादमाच्या विरुद्ध तोंड उघडील का? त्याच्या वतीने तुम्ही बोला. ग्रामसभेत उभे राहून हिशेब विचारा. फौजेत शिकलेला ताठपणा इथे कामाला येतो.

तिसरा बोल शिक्षकांना. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना सभासदांची संख्या पाठ करून घेता, ते ठीकच. पण एकदा मुलांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत घेऊन जा. गावचे नळ, हातपंप, शाळेची खोली, समाजमंदिर, हे कोणाच्या पैशातून झाले ते विचारायला सांगा. मग त्याच मुलांना विचारा, की या प्रत्येक ठिकाणी गावातला प्रत्येक माणूस निःसंकोच जातो का? मुले खरे उत्तर देतात. ते उत्तर ऐकून घ्यायची तयारी मात्र आपली हवी. आणि वर्गातले कोणते मूल रोज दाराशी बसते, हेही जाता जाता पाहावे. दापोलीचा व्हरांडा वर्गाच्या आतसुद्धा असू शकतो.

महाराष्ट्रात अस्पृश्यतेविरुद्धच्या चळवळीचा इतिहास लिहिताना गोपाळबाबांना आद्य पुरुषांत गणतात, ते त्यांच्या लेखणीसाठी. मला त्यांची बोर्डातली चार-दोन वर्षेही तितकीच मोलाची वाटतात. अर्ज घरी बसून लिहिता येतो. पण ज्यांना आपण नको आहोत अशांच्या पंगतीला जाऊन बसायचे, आणि तिथून न उठता लोकांचे काम पाहायचे, याला लढाईइतकेच धैर्य लागते. पुढच्या खेपेला आपल्या गावच्या सभेत एखादा नवखा सभासद दाराशी घुटमळताना दिसला, तर थोडे सरकून त्याला शेजारी जागा द्या आणि म्हणा, "या, बसा."